समुद्राचा ताप, समुद्राचं मीठ

भात लावणाऱ्या घरात मिठाचं पाणी नवं नाही. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. समुद्राचं पाणी याहून थोडंसंच जास्त खारट असतं, किलोमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. पण सगळीकडे सारखं नाही. अरबी समुद्रात ते ३६ च्या आसपास, तर बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली येतं, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी तिथे येऊन मिळतं.

गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून तिथे गोडसर पाणी दुधावरच्या सायीसारखं वर पसरून राहतं, खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही. ऊन त्या वरच्या थरालाच तापवत राहतं. आणि तापलेलं पाणी हे वादळाचं खाद्य. वरचं पाणी २६-२७ अंशांच्या पुढे तापलेलं नसेल, तर चक्रीवादळ सहसा जोर धरत नाही. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आलं, त्याआधी अरबी समुद्र ३० अंशांच्या घरात होता. त्या दिवशी किती छपरं उडाली आणि सुपारीच्या किती बागा झोपल्या, ते श्रीवर्धन-मुरुडच्या बायकांना मी सांगायला नको.

मग हा ताप आणि हे मीठ मोजतात कसं?

पूर्वी जहाजावरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. बादली असायची जाड कापडाची. आपला माठ पाणी गार कसा करतो? पाझरतो, वारा लागतो, पाणी उडतं. त्या बादलीचंही तेच व्हायचं. वर येईपर्यंत पाणी थोडं गार व्हायचं आणि वहीत समुद्र आहे त्याहून थंड लिहिला जायचा. पुढे इंजिन थंड ठेवायला जहाज जे पाणी आत घेतं, तेच मोजायला लागले. तिथे उलटी गत. इंजिनाच्या धगीनं पाणी गरम! जुन्या नोंदी जुळवताना शास्त्रज्ञांना अजूनही विचारावं लागतं, बादली की इंजिन?

आता संशोधन जहाजावर थर्मोसॅलिनोग्राफ नावाचं यंत्र असतं. ‘सागर कन्या’ हे आपलं असंच एक संशोधन जहाज, १९८३ सालचं. अशा जहाजाच्या बुडाशी, पाण्याखाली काही मीटरवर एक तोंड असतं. तिथून पंप पाणी ओढतो आणि नळीतून प्रयोगशाळेतल्या यंत्रात सोडतो. जहाज चालत असतानाच दर काही सेकंदांनी नोंद होते, त्या वेळी जहाज नेमकं कुठे होतं त्याच्यासकट.

मीठ मोजायला पाणी आटवत नाहीत. त्यातून वीज किती सहज जाते, ते बघतात. मीठ जास्त, तर वीज जास्त जाते. पण पाणी गरम असलं तरीही ती जास्त जाते! म्हणून यंत्रात पाणी किती गरम आहे, हे तिथल्या तिथे कळावं लागतं. एका अंशाची चूक झाली, तर किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त मीठ चुकतं. आणि नळीतून येताना पाणी तापलेलं असतं, म्हणून समुद्राचा खरा ताप कळायला दुसरा थर्मामीटर लागतो, अगदी पाणी आत येतं त्या तोंडाशी. दोन थर्मामीटर ही चैन नव्हे.

खवळलेल्या समुद्रात नळीत बुडबुडे शिरतात. हवेतून वीज जात नाही, मग यंत्र म्हणतं पाणी गोडं झालं. आत शेवाळ धरलं, तरी आकडे हळूहळू सरकतात. यंत्र घासून-पुसून ठेवावं लागतं, आपल्या पाण्याच्या टाकीसारखं. हे काम करणाऱ्यांत बायकाही असतात. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे काम करणाऱ्या, नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत जहाजानं थेट अंटार्क्टिकाला गेल्या होत्या. जहाजावर बायकांचं काय काम, असं कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

उपग्रह असताना एवढा खटाटोप कशाला? उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा दिसतो, आणि उष्णता पाहणाऱ्या उपग्रहांना पावसाळी ढगांच्या आडून तोही दिसत नाही. त्याचे आकडे खरे की खोटे, हे पडताळायला जहाजाची नोंदही लागते.

आणि जहाजाची नोंद पडताळायला लागते काचेची बाटली. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानं ती दोन-तीनदा विसळायची, मग भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि वर वेळ लिहायची. झाकण सैल राहिलं तर पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं, आणि समुद्र उगाच जास्त खारट ठरतो. प्रयोगशाळेत हे पाणी खारटपणा आधीच पक्का ठाऊक असलेल्या पाण्याशी ताडून पाहतात. फरक निघाला, तर त्या फेरीचे यंत्राचे आकडे तेवढ्यानं दुरुस्त करतात.