चित्रांचा वाटाड्या

मुंबईस काळा घोडा भागात जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते १९५२ साली उभे राहिले. आत जायला तिकीट पडत नाही. हल्ली त्या भागात कलेच्या धनिक आश्रयदात्यांना एखादा जाणकार दालनोदालनी हिंडवतो, नवी चित्रे समजावून देतो. पैसेवाल्यांनासुद्धा वाटाड्या लागतो बरे! मग चित्र कळत नाही म्हणून आपणच दाराशी का बिचकावे? विकत घेणारा आश्रयदाता खरा. पण मन लावून पाहणाराही आश्रयदाताच. गुरुजी, शाळेची सहल मुंबईस नेलीत, तर राणीच्या बागेबरोबर हे दालनही दाखवा. मुलांना आधी पाहू द्या, बोलू द्या. माहिती मागाहून सांगा. त्यांचे वाटाडे तुम्हीच.