गच्ची नसलेल्यांची वीज



मी कल्याणचा वायरमन. कोळसा आणि सौर ऊर्जा या विषयावर बोलायला मला बोलावलंत, तर मी तारेपासूनच सुरुवात करतो.

नाशिकला जाताना भिवंडी तालुक्यातलं पडघा लागतं. तिथं मोठं वीज उपकेंद्र आहे. 1999 पासून चंद्रपूरहून थेट तिथं एक उच्चदाबाची लाइन येते. तिची लांबी 752 किलोमीटर, क्षमता 1500 मेगावॅट. कोळसा चंद्रपूरला जळतो, दिवे आपल्याकडे लागतात. राख आणि धूर मात्र तिथंच राहतात.

एके काळी धूर आपल्याही वाट्याला होता. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस रेल्वेसाठी कोळसा जाळायचं. 1980 च्या दशकात ते बंद झालं. म्हणून कोळसा संपला का? नाही. तो फक्त आपल्या नजरेआड गेला. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातली 43 औद्योगिक क्षेत्रं अतिप्रदूषित ठरवली. त्या यादीत चंद्रपूर होतं आणि आपली डोंबिवलीही होती. म्हणजे घाण हवा काय असते, हे दोन्ही गावांना सांगावं लागत नाही.

मग कोळसा उद्याच बंद करता येईल का? येणार नाही. त्यात दोन मोठ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण संध्याकाळची. सूर्य मावळतो, लोकलमधून लाखो माणसं घरी परततात आणि पंखा, टीव्ही, मिक्सर एकदमच सुरू होतात. नेमकी तेव्हा सौर वीज नसते. म्हणजे दुपारची वीज रात्रीसाठी साठवावी लागेल. आपल्या शहापूर तालुक्याच्या सीमेवर घाटघरला त्याचा नमुना आहे. खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. क्षमता 250 मेगावॅट. चंद्रपूरचं केंद्र आहे 2920 मेगावॅटचं. अजून किती पल्ला गाठायचा आहे, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

दुसरी अडचण माणसांची आहे, आणि तिच्यावर कमी बोललं जातं. 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. 3 किलोवॅटच्या यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान मिळतं. चांगली योजना आहे. पण माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "गच्ची तुमची आहे का?" बंगलेवाला हो म्हणतो. मुंब्र्याचा भाडेकरू, दिव्याच्या चाळीतली ताई, कन्व्हेयन्स न झालेल्या इमारतीतले चाचा गप्प बसतात. वीजबिल तेही भरतात. अनुदानाचा पैसा त्यांच्याही करातून येतो. साबण घेतला तरी कर भरावाच लागतो. मग लाभ फक्त गच्चीवाल्याला का?

यावर उपाय आहे. पॅनेल एका जागी लावायचं आणि त्याचे युनिट अनेक घरांच्या बिलांतून वजा करायचे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानं 2019 मध्येच याचे नियम केले. आपल्याकडे महापालिकेच्या शाळा आहेत, मंडया आहेत, मशिदी, मंदिरं आणि समाजमंदिरं आहेत. त्यांच्या गच्च्यांवर ऊन फुकट पडतंय. त्या विजेत आसपासच्या भाडेकरूंना हिस्सा मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असावी.

आणि ही मागणी करताना चंद्रपूरला विसरू नका. उद्या एखादा संच बंद झाला, तर कायम नोकरीवाल्याची बदली होईल. पण राख उचलणारा, कोळशाचा ट्रक चालवणारा, गेटबाहेर चहा विकणारा कुठे जाईल? कंत्राटी माणसाचं नाव कुठल्याच बदलीच्या यादीत नसतं. भिवंडीचे माग बंद पडतात तेव्हा कारागिरांचं काय होतं, हे आपण जवळून पाहिलंय. म्हणून संच बंद करण्याची तारीख ठरेल, त्याच कागदावर या माणसांच्या कामाची सोयही लिहिलेली हवी.

वीजदराच्या प्रस्तावावर महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तिथं कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. कारखानदारांचे वकील तिथं जातातच. पुढच्या सुनावणीला भाडेकरूंचा अर्जही गेला पाहिजे. तो लिहायला मी बसेन, सह्या गोळा करायला तुम्ही या.