लिहिलं होतं ना?

(गव्हाणच्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बरंचसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला भाषणाची सवय नाही. मी कंटेनर रिकामे करतो आणि कविता लिहितो. एका कामाचा पगार उशिरा मिळतो, दुसऱ्याचा मिळतच नाही. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. म्हणजे पाटी वाचता येते. आज पाटीवरच बोलणार आहे.

गव्हाण फाट्यावर जाऊन उभे राहा. सरकारी पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी. ट्रकांच्या मागे गुरुमुखी, तमिळ. एखाद्या कंटेनरच्या अंगावर चिनी अक्षरं. पनवेल स्टेशनात तर मराठीत ‘पनवेल’, हिंदीतही ‘पनवेल’, तीच अक्षरं दोनदा. एवढ्या भाषांत आपली आगरी बोली कुठे आहे? जमिनीसाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या. पाच माणसं गेली. २६ मे १९८९ ला त्या पट्ट्यात बंदर सुरू झालं. ज्यांची जमीन गेली त्यांची बोली पाटीवर चढली नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. गोदामाचं नाव सांगत नाही, कारण अशी गोदामं पायलीला पन्नास आहेत.

दुसरी पाळी होती. कंटेनरची दारं आधीच उघडून मागे लावलेली. परभणीकडचे एक मामा आणि बिहारचा एक पोरगा आत शिरले. दार वाऱ्याने हलत होतं म्हणून मी ते बांधायला बाजूला गेलो. दाराच्या बाहेरच्या अंगाला कागद चिकटवलेला. दार मागे लावल्यावर तो कागद कंटेनरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेला. वर कवटी, खाली इंग्रजी. मी अक्षर लावत लावत वाचलं. डेंजर. अंडर फ्युमिगेशन. डू नॉट एंटर. म्हणजे किडे मारायला आत गॅस मारलेला. हवा कधी खेळवली ती तारीख लिहायची जागा कोरी.

मी बोंबललो, “मामा, बाहेर या! गॅस हाय! ए भाई, बाहर आ!”

दोघं बाहेर आले. मामा तिथंच ओकले. पोरगा डोकं धरून बसला. दोघं जगले, म्हणून आज ही गोष्ट सांगता येते. मुकादम आला, कागद बघितला आणि मलाच म्हणाला, “लिहिलं होतं ना? मग?”

दोस्तहो, ह्या चार शब्दांत सगळी व्यवस्था आहे. पाटी माणसाला वाचवायला लावलेली नसते. माणूस मेल्यावर मालकाला वाचवायला लावलेली असते. आणि बघा, जी तारीख माणसाने हाताने लिहायची, तीच तेवढी लिहिलेली नव्हती.

धोक्याचा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम सांगतो. ठीक. पण तो माल पाठीवर घेणाऱ्याचं काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायचा नियम घातला. आमच्या पाळीत बहुसंख्य कोण? आगरी, मराठवाडी, बिहारी, ओडिया. आणि मामांना तर कुठलीच लिपी येत नाही.

२०२२ मध्ये कायदा बदलून सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, दुसऱ्या लिपीपेक्षा अक्षर लहान नको. मराठी पाटी पाहिजेच, मी तिच्या विरोधात नाही. पण कुठली मराठी? ‘अनधिकृत व्यक्तींस प्रवेश निषिद्ध’ ही कुणाच्या आईची भाषा? ‘आत जाऊ नका, गॅस आहे, मराल’ असं लिहायला कुणाचा बाट होतो?

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. ती काढा म्हणून भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ ला कोर्टाने उर्दू राहू द्या म्हणून सांगितलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती माणसापर्यंत पोचायला असते. एवढी साधी गोष्ट कोर्टाला सांगावी लागते.

आणि आपण पाट्यांना भुलणारी माणसं नाही. आपल्या आज्याला अक्षर येत नव्हतं, तरी देवळाबाहेरची, पाणवठ्यावरची मनाई त्याला बरोबर वाचता येत होती. तिथे पाटी लावायची गरजच नव्हती. उलट महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, पाणी बंदच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव वाचला गेला.

डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण पाटी बदलली म्हणून भाड्याची खोली देताना आडनाव विचारणं थांबलंय का? तुम्हीच सांगा.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. पाळी सुरू होण्याआधी सूचना मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे, जितक्या भाषांची माणसं तितक्या भाषांत. कागद दाराच्या अशा जागी पाहिजे, की दार उघडलं तरी दिसेल. आणि तारखेची जागा कोरी असेल तर त्या कंटेनरला कुणी हात लावायचा नाही. मुकादम बोंबलला तरी नाही.

हे होईपर्यंत? आपण मॅट्रिकवाले, बी.ए.वाले इथे बसलोय. बाबासाहेबांमुळे आपल्याला अक्षर मिळालं, ते स्वतःपुरतं खिशात ठेवायला नाही. त्या दिवसापासून मी दार उघडण्याआधी कागद वाचतो आणि ओरडून सांगतो. पोरं हसतात. मामा हसत नाहीत. ते दाराशी थांबतात आणि विचारतात, “काय लिव्हलंय रं?”

तुमच्या कामावर असं विचारणारं कुणीतरी असेल. त्याला सांगा.

जयभीम.