बालसंगोपन आणि संशोधनाचा आधार



निराधार बालकाला आसरा द्यावा, याविषयी या सभेत दुमत नसणार. परंतु कोणता आसरा द्यावा, हे सुचविणाऱ्या कार्यकर्त्याचे शिक्षण किती झाले आहे, याची चौकशी क्वचितच होते. संस्थेचा जमाखर्च तपासावयास मात्र सनदी लेखापालच लागतो!

अशा शिक्षणाचा पाया मुंबईतच घातला गेला. नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत कार्य करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. केवळ कळवळा पुरत नाही, शास्त्रशुद्ध अध्ययनही हवे, हा विचार त्या काळी नवा होता. तेच विद्यालय पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले आणि १९५४ मध्ये देवनारला आले. माहुलपासून देवनार दूर नाही.

माहुलचाच विचार करावा. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडली गेल्यावर २०१७ च्या सुमारास हजारो कुटुंबे येथील इमारतींत आली. समजा, त्यांतील एक दहा वर्षांचा मुलगा वारंवार शाळा बुडवितो आणि आईची जुन्या वस्तीतील घरकामे सुटली आहेत. अप्रशिक्षित कार्यकर्ता लिहील, ‘पालकांचे दुर्लक्ष, बालगृहात ठेवावे.’ प्रशिक्षित कार्यकर्ता आधी हवेकडे पाहील. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत माहुल-आंबापाडा भागात श्वसनाच्या तक्रारी आढळल्या होत्या. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१५ साली नमूद केले. मुलगा उनाडतो की दम लागून घरी बसतो, हे मग डॉक्टरांना विचारले जाईल.

बालगृहाच्या शिफारशीपूर्वी त्याला आणखी एक संशोधन आठवेल. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली अमेरिकन संशोधकांनी अनाथालयांतील १३६ लहान बालकांचा अभ्यास आरंभिला. चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांविषयीची ओढ अधिक वाढली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना विशेष लाभ झाला. तथापि तेथील तान्ह्या बालकांचा निष्कर्ष माहुलच्या दहा वर्षांच्या मुलास जसाच्या तसा लावणे, हेही अज्ञानच. कोणता पुरावा कोठवर चालतो, हे ओळखणे हा प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण भाग होय.

२०१५ चा बाल न्याय अधिनियमही संस्थेतील वास्तव्य हा अखेरचा उपाय मानतो. परंतु बाल कल्याण समितीपुढे येतो तो सामाजिक तपासणी अहवाल. त्यातच आईचे सुटलेले काम आणि मुलाचा खोकला नसेल, तर समिती काय करणार? उलट देवनारच्या संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने २०१७-१८ मध्ये बिहारमधील आश्रयगृहांचे सामाजिक लेखापरीक्षण करताना तेथील मुलांचे बोलणे ऐकले, तेव्हा मुझफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार उजेडात आले. २०२० मध्ये न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावली.

दाते खोल्या बांधून देतात, पंखे देतात, पाट्या लागतात. कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणावर पाटी लागत नाही, म्हणून देणगीही येत नाही. वास्तविक महिन्यातून एक दुपार, एका मुलाचा अहवाल, त्याच विषयावरील एक संशोधन आणि दोन्ही ताडून पाहावयास शिकविणारा अनुभवी शिक्षक एवढेच लागते. खर्च शिक्षकाच्या मानधनाचा, मराठीत करून घेतलेल्या वाचनसाहित्याचा आणि त्या दुपारी मुलांना सांभाळणाऱ्या बदली माणसांचा.