हवेतील पाणी आणि शेकडेवारीचा अर्थ



थंड पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याच्या बाहेरच्या अंगास थेंब जमतात, तेव्हा तांब्या पाझरला असे मुले सांगतात. मातीचा माठ खरोखरच पाझरत असल्याने त्यांचे हे अनुमान अगदीच निराधार नसते. परंतु पितळेतून पाणी झिरपत नाही. मग ते आले कोठून, असा प्रश्न वर्गापुढे ठेवला की आर्द्रतेचा पाठ सुरू झालाच म्हणून समजावे. ते पाणी भोवतालच्या हवेतील अदृश्य बाष्पाचे असते.

हवेत बाष्प किती राहू शकते, हे मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. एका घनमीटर जागेत १० अंश सेल्सिअसला सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३, ३० अंशांना ३०.४ आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम बाष्प राहू शकते. ही मर्यादा गाठली की हवा संपृक्त झाली असे म्हणतात. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत ३० अंशांना फार तर पावणेतीन लिटर पाण्याइतके बाष्प सामावेल. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. गणित व विज्ञान दोन्ही साधतात.

या मर्यादेच्या मानाने हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे, त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता होय. येथेच घोटाळा होतो. समजा, हवेच्या एका घनमीटरात १७.३ ग्रॅम बाष्प आहे. पहाटे २० अंशांना तिची आर्द्रता शेकडा १०० भरेल आणि दव पडू लागेल. तेच बाष्प कायम राहून दुपारी पारा ४० अंशांवर चढला, तर आर्द्रता शेकडा ३४ भरेल. शेकडा उतरला म्हणून हवेतील पाणी उतरले, असे मुळीच नव्हे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. घाम सुकताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम सुकण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानाच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम बाष्प असते. हवेतील बाष्प या आकड्याजवळ जाऊ लागले की घाम नुसता ओघळतो, सुकत नाही, आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात एवढे तापमान एप्रिलमध्ये नवलाचे नाही. परंतु किनाऱ्यावरील दमट हवेत तेच तापमान शरीरास अधिक जड जाते. उलट कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो, अंगातील पाणी घटल्याचे मुलाच्या ध्यानात येत नाही. तेथे वेळोवेळी पाणी पाजणे अगत्याचे ठरते.

प्रत्येक शाळेस सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक सावलीत टांगावेत. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यास वारा घालावा. ताप पाहण्याचा तापमापक यास उपयोगी नाही. ओल्या फडक्याचा पारा पुष्कळ खाली उतरला तर हवा कोरडी; दोन्ही पारे जवळजवळ राहिले तर हवा दमट. मुलांनी रोज ठराविक वेळी दोन्ही आकडे नोंदवावेत.

ज्या दिवशी उकाडा असून दोन्ही पारे जवळजवळ असतील, त्या दिवशी कवायत थांबवून मुलांना सावलीत बसवावे. घामाने भिजलेले मूल निवले आहे असे समजू नये. त्यास भोवळ, उलटी किंवा ग्लानी आल्यास अंग ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.