भिंतीवरच्या टीव्हीसाठी स्पीकर निवडताना



दिल्ली आणि आसपासच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या घरांमधला टीव्ही आता भिंतीवर गेला आहे. पडदा मोठा झाला, चित्र लखलखीत झालं. पण मराठी नाटक किंवा सिनेमा लावला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतं, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येतं. त्यात मे-जूनचा कूलर घरघरत असला तर संवाद कळायची आशाच सोडायची.

दोष कानांचा नाही. दोन बोटं जाडीच्या टीव्हीत चांगला स्पीकर मावत नाही. जे लहानसे स्पीकर आत असतात त्यांची तोंडं बहुतेक वेळा खाली किंवा मागे असतात. टीव्ही भिंतीवर टांगला की मागे जाणारा आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. शब्दांची धार तिथेच बोथट होते. म्हणून वेगळे स्पीकर घ्यायचे. ते घेताना माझा आग्रह एकच आहे: पहिला पैसा संवादावर खर्च करा. स्फोट, विमानं, पाऊस हे सगळं नंतर.

ज्या डॉल्बीचं नाव आज प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच काम करत होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला स्वतःची कंपनी काढली, आणि त्या कंपनीचं पहिलं काम होतं टेपवरची खरखर कमी करणं. आवाज मोठा करण्याआधी तो स्वच्छ करावा, हा तिथला क्रम आपल्या घरातही लागू पडतो.

दुकानात 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात तो संच पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठीच्या एका सब-वूफरचा. त्या पाचांतला मधला, ज्याला सेंटर म्हणतात, तो आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्याकडेच सोपवलेले असतात. नुसते डावा-उजवा असे दोन स्पीकर असले तर बरोबर मध्ये बसलेल्या माणसाला बोलणं पडद्यातून आल्यासारखं वाटतं. पण आपल्या घरात मध्ये एकच जण बसतो. आजी दिवाणावर टेकलेली, मुलगा खाली सतरंजीवर, कोणी डायनिंग टेबलाशी भाजी निवडत बसलेलं. बाजूला बसणाऱ्याला जवळच्याच स्पीकरमधून सगळं बोलणं ऐकू येतं आणि पडद्यावरचा माणूस एकीकडे, त्याचा आवाज दुसरीकडे असं होतं. सेंटर स्पीकर असला की आजीलाही शब्द पडद्याच्या जागेवरूनच ऐकू येतात. एकत्र बसून बघणाऱ्या कुटुंबाला याच्याइतका उपयोगी दुसरा स्पीकर नाही.

तो ठेवायचा टीव्हीच्या अगदी खाली. खाली टीव्ही युनिट असेल तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेशी आणा. आत ढकलून ठेवलात तर आवाज आधी फळीवर आदळेल. टीव्ही उंच टांगलेला असेल, आणि आपल्याकडे तो बरेचदा गरजेपेक्षा उंचच असतो, तर सेंटरही भिंतीवर ब्रॅकेटने लावता येतो, फक्त त्याचा रोख बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण सव्वातीन ते साडेतीन फुटांवर येतात.

डावा आणि उजवा टीव्हीला चिकटवून लावायची पद्धत पडली आहे. ती सोडा. बसण्याच्या जागेवरून पाहिलं तर दोन्ही स्पीकर मध्यापासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावेत असं डॉल्बीचं मार्गदर्शन आहे. सोफा आणि टीव्हीची भिंत यांत दहा फूट अंतर असेल, तर दोघांमध्ये आठ ते साडेअकरा फूट जागा हवी. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद असतो. म्हणजे त्याच्या दोन्ही कडांपासून किमान दोन-दोन फूट बाहेर. सेंटरसह तिन्ही स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेलं की त्याचा आवाज मध्येच बदलतो. भिंतीला लागून बसणार असतील तर मागच्या बाजूला भोक असलेले स्पीकर नकोत. भिंतीजवळ त्यांचा खालचा सूर फुगतो आणि पुरुषांचे आवाज घुमू लागतात. पूर्ण बंद पेटीचे किंवा भोक पुढे असलेले निवडा.

आता मागच्या स्पीकरांबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. इथल्या फ्लॅटमध्ये ड्रॉइंग आणि डायनिंग एकाच हॉलमध्ये. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी किंवा बाल्कनीची काच, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर कानांच्या जरा मागे, ११० ते १२० अंशांवर हवेत. सांगा, ते ठेवायचे कुठे? मग पाचही खोकी टीव्हीखाली रांगेत बसतात आणि पैसे वाया जातात. अशा हॉलमध्ये सुमार प्रतीच्या पाचांपेक्षा तीन चांगले स्पीकर आणि एक सब-वूफर घ्यावा. मागचे दोन पुढे कधीतरी जोडता येतात. छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरांना सपाट, कडक छत लागतं. आपल्या छताला पीओपीच्या पायऱ्या आणि मधोमध पंखा, त्यामुळे तो खर्च मी तरी करायला सांगणार नाही.

सब-वूफर हा शेजाऱ्यांचाही विषय आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही, म्हणून तो खोका हॉलमध्ये जागा मिळेल तिथे ठेवता येतो. कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो पण घुमतोही. जागा ठरवायची एक खात्रीची रीत आहे: सब-वूफर तात्पुरता सोफ्याजवळ, आपल्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः खाली वाकून खोलीभर फिरा. जिथे ढोलकीचा ठेका सुटा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे तो ठेवा. खाली जाड रबर किंवा फोम हवाच, कारण हा खालचा सूर स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. बिल्डर फ्लोअरमध्ये वर एक कुटुंब आणि खाली एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, 'नाइट मोड' असतो. त्याने मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात. रात्री तो चालू ठेवा.

खोलीकडेही लक्ष द्या. संगमरवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल, उघड्या भिंती, मोठी काच. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर कोणताही महागडा स्पीकर तिथे शब्द स्वच्छ देऊ शकणार नाही. त्यावरचा उपाय जवळच आहे. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ची लढाई आठवते. आज ते हातमाग आणि गालिच्यांचं मोठं केंद्र आहे. सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा, काचेवर जाड पडदे, एवढ्याने बराच फरक पडतो. थंडीत गालिचे अंथरल्यावर टीव्ही बरा ऐकू येतो तो याच कारणाने.

खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉट लिहिलेले दिसले तर त्याकडे बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. आरएमएस पन्नास वॉट घरगुती हॉलला पुष्कळ होतात. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या एआरसी जोडणीने जोडा, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच तारेतून रिसीव्हरकडे जातो. स्पीकरची तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात विकली जाते, ती टाळा. नव्या टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या आणि इमारतीचं वजन पेलणाऱ्या असतात, त्यांना खाचा पाडू नका, तार प्लास्टिकच्या केसिंग-पट्टीतून न्या.

भाड्याच्या घरात किंवा सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी एवढा व्याप करू नये. त्यांना साउंडबार बरा. पण 'थ्री पॉइंट वन' म्हणजे वेगळा सेंटर असलेला घ्या. 'टू पॉइंट वन'मध्ये तो नसतो.

खरेदीला निघण्याआधी हॉलचं माप कागदावर काढा: सोफा ते भिंत किती, टीव्ही किती उंचीवर, उघडी बाजू कोणती. पेनड्राइव्हवर ओळखीच्या मराठी नाटकातला किंवा सिनेमातला एखादा संवादाचा प्रसंग घेऊन जा. विक्रेता स्फोटांचा डेमो लावेल. तो संपू द्या आणि मग आपला प्रसंग बेताच्या आवाजात लावायला सांगा. बरोबर घरातल्या वयस्कर माणसाला न्या आणि त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवा. त्यांना प्रत्येक वाक्य कळलं तर तो संच घ्या. खरेदीला लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटला जाणार असाल तर ते रविवारी बंद असतं, तेव्हा शनिवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत जा.