‘इन’ म्हणजे आत



सातवीत इंग्रजीच्या तासाला बाईंनी मला ‘इन’ या शब्दाचा अर्थ विचारला. मी ठणकावून सांगितलं, “आत!” सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, यात एक ‘एन’ जास्त आहे. ही वाटसरूंची सराई.”

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले होते. शनिवारी ससेक्समधलं राय गाव गाठलं आणि ‘मर्मेड इन’मध्ये एक रात्र राहिले. दगडगोट्यांची चढणीची गल्ली, लाकडी चौकटीची इमारत. ती १४२० मध्ये पुन्हा बांधलेली, तळघर त्याहून जुनं, ११५६ चं. आत ओकच्या काळ्या तुळया आणि भलीमोठी शेकोटी. अठराव्या शतकात हॉकहर्स्ट टोळीचे चोरटे व्यापारी इथे भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून बसत म्हणे!

रात्री खोलीत सहज शब्दकोश पाहिला. ‘इन’ हा शब्द मुळात ‘आत’ याच अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलेला! म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. एकटीच हसले, आणि मग डोळे भरून आले.

आज रोज परदेशी लोकांशी इंग्रजीत बोलते. तरी तोंड उघडण्याआधी क्षणभर ते हसू ऐकू येतं. पण लगेच बाईंचं “अगं” आठवतं. बाई, त्या दिवशी तुम्हीही हसला असतात, तर मी पुन्हा हात वर केला नसता.

आणि मित्रांनो, तुम्ही हसलात ते माफ. आजचा चहा मात्र तुमच्याकडून!